मानेला धर

चिमी झोपली की मी लगेच आडवी होत नाही. आधी तिच्या नाकाखाली बोट धरते. श्वास लागला की बोट काढते, मग तो खरंच श्वास होता की कूलरचा वारा, अशी शंका येते आणि पुन्हा धरते. हर्षल म्हणतो, तू तिला झोपू दिलंस तर ती झोपेल. माझ्या नवऱ्याचं बरोबर असतं आणि मी ऐकत नाही.

भुसावळचा मे महिना, भर दुपार. रेल्वे क्वार्टरच्या भिंती आतूनही हाताला चटका देतात. खिडकीत कूलर, त्याच्या ओल्या ताट्यांचा मातकट वास. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाहेरच्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून तिथेच पडल्यात. माझ्या उशीशी चिमीची दुधाची बाटली, आणि बाटलीशेजारी फोन, पालथा ठेवलेला. पाच वाजता खैरनार सरांचा फोन येणार आहे आणि मला त्यांना हो म्हणायचंय. सकाळी आंघोळ करताना मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं. हो सर. चालेल सर. जमलं मला म्हणायला.

कूलरचं एक पातं कुठेतरी लागतं. टक, टक, टक. मी ते ऐकत पडते. चिमीची छाती वर जाते, खाली येते. पुन्हा वर जाते. टक टक चालूच असते, पण कधीतरी ती कूलरची राहत नाही. लॅबच्या टाकीत पाणी ढवळणारा स्टरर फिरतो आणि काचेला हलकेच लागतो, तशी होते.

"टेकलं का?" कुणीतरी विचारतं.

हा शब्द आमच्या लॅबचा. द्रव भरलेली काचेची नळी टाकीतल्या पाण्यात सोडायची आणि गप्प बसायचं. बाहेरचं पाणी आणि आतला द्रव एका तापमानाला आले की 'टेकलं'. त्याआधी मोजलं तर आकडा खोटा. मी हा शब्द माहेरच्या सामानासारखा घरी आणला. आता हर्षलसुद्धा दारातून डोकं आत घालून विचारतो, टेकली का?

पण हा आवाज हर्षलचा नाही.

मी मान वळवते. चिमीला आंघोळ घालताना मी ज्या बुटक्या स्टुलावर बसते, त्याच्यावर झांबरे मॅडम बसल्यात. पांढरा अॅप्रन, पदर खोचलेला, चष्मा कपाळावर.

"मॅडम, तुम्ही फेब्रुवारीत गेलात," मी म्हणते.

"हो. रजेचा अर्ज न टाकता."

झांबरे मॅडम माझ्या पीएच.डी.च्या गाईड. स्टाफरूममध्ये, तासाला जायच्या आधी, त्यांनी टेबलावर डोकं टेकवलं आणि उचललं नाही. मला ते फोनवर कळलं. मी तेव्हा चिमीला पाजत होते आणि पाजतच राहिले, कारण ती सोडत नव्हती.

"माप चालू असताना मधे कुणी थांबतं का?" मॅडम विचारतात. "वाच थर्मामीटर."

खोलीच्या मधोमध चिमीचा गुलाबी टब आहे. त्यात पाणी काठोकाठ, स्टरर फिरतोय, थर्मामीटर लटकलाय आणि दोन काचेच्या नळ्या गळ्यापर्यंत बुडाल्यात. टबावरचं बदकाचं चित्र पाण्याखाली हलल्यासारखं दिसतं. मी वाकून वाचते. आकडे आहेत, पण पंचवीसची खूण जिथे हवी तिथे काच कोरी आहे.

"पंचवीस नाहीच इथे, मॅडम."

"नाहीच. म्हणून तर आले."

आमचं काम सांगायला सोपं आहे. ऑक्टेनॉल हा एक द्रव, तेलासारखा, जुन्या संत्र्याच्या सालीचा वास येणारा. एथिल अॅसिटेट दुसरा, नेलपॉलिशच्या वासाचा, झाकण उघडलं की उडायला बघणारा. दोन्ही कमीजास्त प्रमाणात मिसळायचे आणि प्रत्येक मिश्रणाची घनता आणि व्हिस्कॉसिटी निरनिराळ्या तापमानांना मोजायची. नव्या मुलीला मॅडम पहिल्या दिवशी एवढंच सांगत: "घनता म्हणजे द्रव किती भरीव आहे. व्हिस्कॉसिटी म्हणजे तो किती ऐकत नाही." तापवलं की सगळे ऐकायला लागतात, सुळकन वाहून जातात. गार केलं की अडून बसतात. नळीवर दोन खुणा असतात; वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला द्रव किती वेळ घेतो, ते नजर न हलवता बघायचं.

माझं तीस अंशांचं झालंय, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीसचं झालंय. पंचवीसचं राहिलंय, म्हणजे जिथे ते सगळ्यांत जास्त ऐकत नाहीत नेमकं तेच. आमची टाकी पाणी तापवते, गार करत नाही, आणि भुसावळात उन्हाळा लागला की नळालाच कोमट पाणी येतं. म्हणून मॅडम पंचवीसचं काम डिसेंबरवर ठेवत. गेल्या डिसेंबरात मी दवाखान्यात होते, चिमी झाली. मग मॅडम गेल्या. आणि जूनमध्ये माझ्या पीएच.डी.ची मुदत संपते.

खैरनार सर माझे नवे गाईड. माणूस चांगला आहे. ते म्हणाले, हे बघ नूतन, वरच्या तापमानांचे आकडे आहेत ना, त्यांच्यातून एक रेघ ओढ आणि मागे ने. पंचवीसला जिथे येईल तो आकडा घाल. लिहिताना मोजला असंच लिही. कोण बघतंय? तू बाळाकडे लक्ष दे.

"ओढ की मग रेघ," मॅडम म्हणतात.

मला वाटतं माझ्या ऐकण्यात चूक झाली. याच बाईंनी नळीत एक बुडबुडा दिसला म्हणून माझी अख्खी दुपार बेसिनमध्ये ओतली होती.

"काय म्हणालात?"

"ओढ. मी सांगतेय ना. चल, रस पिऊ."

त्या उठतात, मी मागे. दाराबाहेर आई झोपलेली खोली असायला हवी. तिथे कॉलेजसमोरची रसवंती आहे. यंत्राचं चाक फिरतंय, घुंगरू वाजतायत, पण चरकात ऊस नाही. बाकडं म्हणून आमचं लॅबचंच टेबल आहे, जळक्या डागांसकट. कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, वर लाकडाचा भुसा. रस बीकरमध्ये येतो. मॅडम पितात. त्यांच्या बीकरमधला रस कमी होत नाही.

"आल्याचा आहे," त्या म्हणतात. "एवढंच कळतं आता."

"मॅडम, रेघ ओढू म्हणजे काय? ऑक्टेनॉल गार झालं की त्याचे रेणू एकमेकांना धरून बसतात. रेघ तिथे वळत असेल. किती वळते ते कुणाला ठाऊक?"

"कुणालाच नाही. आणि कुणाचं काही अडतही नाही. मी जन्मभर तो पंचवीस अंश सांभाळला. मी गेल्यावर माझ्या नळ्या कुणी धुतल्यासुद्धा नाहीत, बघितलंस ना? तेलकट पडल्यात तशाच." त्या बीकर टेबलावर ठेवतात, आवाज होत नाही. "घरी जा. तुझं लक्ष लागणार नाही आता. डोळा खुणेवर आणि कान पोरीच्या रडण्याकडे, असं माप होत नसतं."

हे मला सगळे म्हणतात. हर्षल गोड बोलून म्हणतो, आई भांडी वाजवून म्हणतात, खैरनार सर काळजीने म्हणतात. त्यांना मी काही बोलत नाही. पण मॅडमनी म्हणावं याचा मला राग येतो, आणि स्वप्नात राग लपवता येत नाही.

"मी दिवसभर काय करते, माहितीये?" मी म्हणते. "तिची छाती वर जाते का, खाली येते का, ते बघते. मधे जरा जास्त वेळ लागला तर माझा श्वास थांबतो. एवढं लक्ष मी तुमच्या खुणेवर कधीच दिलं नव्हतं. तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचे. बघायला मी आत्ता शिकलेय, मॅडम. आणि आत्ताच तुम्ही सगळे म्हणताय बस झालं."

"बोलायला पण शिकलीस."

"शिकले."

मॅडम अॅप्रनच्या खिशात हात घालतात आणि घनतेची बाटली काढतात. छोटीशी, गोल पोटाची, बारीक मानेची. तिच्या काचेच्या बुचाला केसाएवढं भोक असतं. काठोकाठ भरून बूच लावलं की जास्तीचा द्रव त्या भोकातून बाहेर येतो, तो टिपायचा आणि बाटली तोलायची. फक्त तिच्या पोटाला हात लावायचा नाही. तळहाताच्या उबेने आतला द्रव फुगतो, भोकातून थेंब वर येतो आणि घनता खोटी निघते. पहिल्या दिवशी मी ती चिमणीच्या पिल्लासारखी मुठीत धरली होती. मॅडम लॅबच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाल्या होत्या, "अगं, मानेला धर, मानेला." मग चिमी झाली, नर्सने तिला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मान धरा बाई, मान." मी टाके असताना हसले. का हसले ते नर्सला सांगता आलं नाही. आता चिमीने स्वतःच मान धरलीय, तरी माझा हात तिथेच जातो.

मॅडमनी बाटली पोटाला धरलीय. पाची बोटांनी.

"मॅडम, हात."

"काय हाताला?"

"पोटाला धरलीय तुम्ही."

"बघ की. येतंय का वर?"

मी बघते. भोक कोरडं. त्या मूठ आवळतात. तरी कोरडं.

"माझ्या हाताने काही तापत नाही आता," मॅडम म्हणतात. "एवढा चांगला हात मला आयुष्यात मिळाला नाही. ऐक. रेघ नको ना तुला? नको ओढूस. पंचवीसचं मी करते. बर्फ आहे, हात गार आहेत, मला तासाची घंटा नाही. आकडे खरे देते. माझे आकडे कधी चुकलेत?"

नाही चुकले. मला एकदम रडू येतं, कारण हे मला हवं आहे. खरे आकडे, आणि मी घरी, चिमीजवळ.

"आणि मी काय द्यायचं?"

"काही नाही. पोरीला जरा दे. मांडीवर." मॅडम हात पुढे करतात. "बारशाला बोलावलं होतंस. प्रॅक्टिकल होतं माझं."

तेव्हा मला कळतं की चिमी माझ्या हातात आहे. कधी घेतली आठवत नाही. ती झोपलीय, तिच्या कपाळावर घामाचे मणी. मॅडमचे हात माझ्यासमोर आहेत, बाटली तापत नाही असे. आई म्हणतात, गेलेल्या माणसाने स्वप्नात काही दिलं तर घ्यावं, मागितलं तर देऊ नये. मी एम.एस्सी. झालेय, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी चिमीला दोन्ही हातांनी छातीशी ओढते.

"नाही," मी म्हणते.

"मग बाटलीचा नाद सोड."

"तेही नाही."

"एक काहीतरी इथे ठेव, नूतन." मॅडम रागावलेल्या नाहीत, थकल्यासारख्या बोलतात. "दोन्ही घेऊन होत नाही. मी तरी कुणाचं झालेलं पाहिलं नाही."

घुंगरू वाजतायत. रसवंतीच्या पत्र्याखाली आता आमच्या कॉलेजातल्या, पीएच.डी. अर्धी सोडलेल्या सगळ्या बायका बसल्यात, मला आधी दिसल्या नव्हत्या. ओळीने, पर्स मांडीवर. सगळ्या माझ्याकडे बघतात, बस येणार की नाही हे विचारायचं राहून गेल्यासारख्या.

"तुम्ही पाहिलं नाही, एवढंच," मी म्हणते. आवाज माझा आहे पण थोडा वरून येतो. "माझ्या आलेखावर तुम्हीच लाल पेनाने लिहिलं होतं, रेघ आपण मोजली तेवढ्यापुरतीच सरळ असते. त्याच्या पुढचं बोलायचं नाही. मग तुम्ही कशा बोलता? इतक्या जणींचं नाही झालं, त्यांच्यातून रेघ ओढली आणि माझ्यापर्यंत आणली. मला मोजलंय कुणी?"

मी एक हात सोडवते आणि त्यांच्या मुठीतून बाटली काढून घेते.

घाईत तिला पोटालाच धरते. माझा तळहात तापलेला, घामेजलेला. बुचाच्या टोकावर थेंब उगवतो, मोठा होतो, लवंडतो आणि मनगटावर पडतो. संत्र्याच्या सालीचा वास येतो.

"गेला," मॅडम म्हणतात. हा आवाज मला ओळखीचा आहे, लॅबच्या दुसऱ्या टोकाकडून येणारा. "रागात हात तापतो. पुन्हा भर."

"भरते पुन्हा."

"पुन्हा जाईल."

"पुन्हा भरीन."

मी बाटली मानेला धरते. डाव्या हातात चिमीची मान, उजव्या हातात बाटलीची. दोन्ही मानांना सारखंच धरायचं असतं. सोडायचं नाही, आवळायचं नाही. टोकावर थेंब येत नाही. मॅडम खाली वाकून ते टोक बघतात.

"टाकीत लोंबती ठेवशील कशी?"

"दोऱ्याने."

"गाठ येते?"

ती मला कधीच आली नाही. बाटलीच्या मानेला मॅडम एक गाठ मारत, भार आला की घट्ट होणारी आणि मोकळं टोक ओढलं की सुटणारी. माझी बाटली नेहमी पाण्यात सुटून पडे.

"नाही येत," मी म्हणते.

मॅडमच्या अॅप्रनच्या बटणाला हिरवा दोरा गुंडाळलेला असतो, तसा आत्ताही आहे. त्या तो सोडवतात. मी हात हलवत नाही. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागत लागत बाटलीच्या मानेभोवती दोन वेढे घेतात. गार, रसाच्या ग्लासाला बाहेरून हात लागावा तशी. मग त्या एक टोक आतून काढतात. बघून शिकायचं म्हणून मी पापणीही हलवत नाही आणि तरी नेमकं कुठून काढलं ते चुकतं.

"मे महिन्यात पंचवीस," त्या म्हणतात. "वेडी आहेस. बर्फ टाकशील तर वीसला जाईल, काढशील तर तिसाला. दिवसभर चिमटीचिमटीने टाकत बसावं लागेल."

"बसेन. दूध कोमट करते तेव्हा तेच करते. थोडं गार, थोडं गरम, मनगटावर थेंब, पुन्हा थोडं."

"आणि सगळे म्हणतील सोड."

"गार राहिलं की कुणाचं ऐकत नाही, म्हणायचात तुम्ही."

मॅडम हसत नाहीत. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतात. द्रव वरच्या खुणेशी आला की त्या असंच करायच्या, आणि मग कुणी बोलायचं नसे. त्या चिमीकडे बघतात. हात मागे बांधून, लांबूनच, खालच्या खुणेपर्यंत बघावं तेवढा वेळ.

मग घुंगरू थांबतात. चाक थांबतं. स्टररही थांबतो.

लाइट गेलीय. कूलर बंद पडला त्या शांततेने मला जाग आली. गाऊन पाठीला चिकटलाय. मी आधी चिमीच्या नाकाखाली बोट धरते. खोलीत वारा अजिबात नाही, त्यामुळे बोटाला लागतं ते दुसरं काही असू शकत नाही. मी बोट काढते आणि पुन्हा धरत नाही.

फोन थरथरतो.

"हं नूतन, काय ठरलं मग?" खैरनार सर विचारतात.

"रेघ नाही ओढणार सर."

"अगं पण जून..."

"मोजते सर. बर्फ आणून. सकाळी लवकर येईन, पाणी जरा कमी तापलेलं असतं."

"मे महिन्यात? आणि बर्फ कुठून आणशील?"

"कॉलेजसमोरून. रसवंतीवाल्याकडे लादी असते. एका दिवसात नाही झालं तर दुसऱ्या दिवशी. जूनपर्यंत नाही झालं तर मुदतवाढ मागेन."

"नाही दिली तर?"

"तर पंचवीसची जागा कोरी ठेवून तसं लिहीन. न मोजलेला आकडा मोजला म्हणून नाही घालणार."

"झांबरे मॅडम चावल्यात तुला," सर म्हणतात. "ये. लॅब उघडायला सांगतो. आणि बाळ?"

"त्याचं बघते."

फोन ठेवते तेव्हा आई दारात उभ्या आहेत, ओला पदर मानेवर टाकलेला. सगळं ऐकलंय.

"पोरीले कोन पाह्यीन मंग?"

"तुम्ही. माझ्याबरोबर चला. लॅबमध्ये नको, तिथे वास असतो. स्टाफरूममध्ये बसा दोघी. पंखा आहे."

"मी कॉलेजात?"

"हो."

आई पदराने वारा घेतात. विचार करतात, म्हणजे विचार करतायत असं मला दिसेल इतका वेळ उभ्या राहतात.

"रस पाजशीन ना पन?"

"आल्याचा."

"लिंबू बी लागते मले," म्हणत त्या आत वळतात.

चिमी जागी होते. रडत नाही, पाय हवेत उचलून बघते. मी उशीशी ठेवलेल्या दुधाच्या बाटलीकडे हात नेते आणि थांबते. बाटलीच्या मानेला हिरवा दोरा आहे. दोन वेढे, एक टोक आतून काढलेलं, दुसरं मोकळं. आमच्या घरात या रंगाचा दोरा नाही. आणि मला ही गाठ येत नाही.

मी दोऱ्याला धरून बाटली उचलते. ती फिरते, दूध आत हेलकावतं, भार येतो आणि गाठ घट्ट होते. चिमी लोंबत्या बाटलीकडे बघून तोंड उघडते.

मोकळं टोक ओढलं की सुटेल. मी ओढत नाही.